घरात मांजरं आणि आफ्रिकन घोरपड: ओळख करून द्यायची की दार लावायचं?

निपाणीहून एकांनी विचारलं आहे. घरात एक बोका आणि एक भाटी, भाटी गाभण आहे. बेंगळुरूत नोकरीला असलेला धाकटा भाऊ गावी येताना साडेतीन फुटी आफ्रिकन घोरपड, म्हणजे सव्हाना मॉनिटर, घेऊन आला. ती पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवली आहे. मांजरं तासन्‌तास काचेला नाक लावून बसतात, ती आतून बघते, अजून काही झालेलं नाही. मग रोज थोडा वेळ तिघांना समोरासमोर सोडून सवय लावली तर चालेल का?

नाही चालणार. उत्तर लांब असलं तरी एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली वाचेपर्यंत कुणी प्रयोग करून बघणार नाही.

मी बेळगावात जनावरांची डॉक्टर आहे. दवाखान्यात येतात ती जास्त करून कुत्री-मांजरं, आणि बाहेर व्हिजिटला गेलं की म्हशी. पण हल्ली इग्वाना (मोठे परदेशी सरडे), बॉल पायथन (परदेशी अजगर), कासवं घेऊन येणारी तरुण मुलंही बरीच झाली आहेत. रस्त्यावर चेंगरलेल्या नाहीतर कुत्र्यांनी फाडलेल्या आपल्या गावठी घोरपडी वनखात्याची माणसं आणतात, ते वेगळंच. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या घरातला प्रश्न स्वभावाचा नाही, दारं-खिडक्यांचा आहे. मांजर गरीब आहे की तापट, घोरपड माणसाळलेली आहे की नाही, यावर फार थोडं अवलंबून असतं. कुठलं दार कोण उघडं टाकतो, यावर जवळजवळ सगळं.

पण त्याच्याही आधी कागद. तुम्ही लिहिलंय ‘भावाकडं पावती आहे’. दुकानाची पावती म्हणजे कागद नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळं आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची, चौथी, तयार झाली. घोरपडीच्या जगातल्या सगळ्याच जातींवर असे निर्बंध आहेत, त्यामुळं सव्हाना मॉनिटर त्यात येते. असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर त्याची नोंदणी करायची, असे फेब्रुवारी २०२४ चे नियम सांगतात. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, त्याला पिल्लं झाली, तरी कळवायचं. तुमची नोंदणी झालेली नसेल तर आधी तिचं बघा.

आणि दुसरी शंका, जी मला ‘आफ्रिकन घोरपड’ हे नाव ऐकलं की दर वेळी येते. ती खरंच आफ्रिकन आहे का? आपल्या देशात सापडणाऱ्या घोरपडीच्या चारही जाती त्याच कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. त्यांतली कुठलीही घरात ठेवली तर तीन ते सात वर्षं कैद आहे, तिथं कुठलीही पावती उपयोगी पडत नाही. उसाच्या फडातून नाहीतर विहिरीच्या कपारीतून धरलेलं पिल्लू ‘इंपोर्टेड’ म्हणून खपवणं अवघड नसतं, घेणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून मानेकडं बघा. सव्हानाच्या मानेवरचे खवले ठळक, मोठे, उठावदार असतात. आपल्या घोरपडीचे तसे नसतात. मग शेपूट मापा. सव्हानाची शेपूट धडाएवढी किंवा जरा आखूड असते, आपल्या घोरपडीची धडापेक्षा बरीच लांब. नाकपुडीही बघा. सव्हानाची तिरकी चीर डोळ्याच्या बाजूला सरकलेली दिसते, आपल्या घोरपडीची डोळा आणि नाकाचं टोक यांच्या साधारण मधोमध. शंका आली तर पुढचं काही वाचू नका, वनखात्याच्या रेंज ऑफिसला स्वतः जाऊन सांगा. स्वतः गेलेला माणूस आणि धाड घालून सापडलेला माणूस यांच्याकडं बघायची नजर वेगळी असते. आणि घाबरून भीमगडच्या जंगलात नेऊन सोडू नका. परदेशी असली तर ती आपल्या जंगलात सोडायची वस्तूच नाही, आणि गावठी असली तरी कुठं सोडायची ते खातं ठरवेल.

आता सव्हानाच आहे आणि कागदही आहेत असं धरून पुढं जाऊ.

इतके दिवस काही झालेलं नाही, ते मधल्या काचेमुळं. काचेपुढं बसलेलं मांजर शांत दिसतं, पण त्याचे कान पुढं वळलेत का, शेपटीचं टोक हलतंय का, मागच्या पायांवर वजन घेतलंय का ते बघा. उंदराच्या बिळापुढं मांजर असंच बसतं. आतल्या जनावराकडंही बघा. गळा फुगवून फुसकारते का, अंग बाजूनं चपटं करून शेपूट वळवून धरते का, की दिवसभर मातीत गाडून घेऊन पडलेली असते? शेवटचं लक्षण लोकांना ‘शांत झाली’ असं वाटतं. माझ्याकडं येणाऱ्या पाळीव सरड्यांच्या कुळातल्या कितीतरी जनावरांची तक्रार ‘खात नाही’ हीच असते. तपासण्या करून सगळं ठीक निघतं, आणि मग बोलता बोलता कळतं की पेटीसमोर कुत्रं नाहीतर मांजर दिवसभर मुक्काम ठोकून असतं. पेटीच्या काचेला खालून अर्ध्यापर्यंत कागद चिकटवला तरी काही जनावरं हप्त्याभरात खायला लागतात.

दोघंही एकटं शिकार करणारे प्राणी. मांजराला हालचाल दिसली की पंजा जातो, आणि घोरपड चालताना शेपटीचं टोक जमिनीवर वळवळतं. घोरपड जिभेनं वास गोळा करून ठरवते की समोरचं खायचं आहे का, आणि जे तिच्या तोंडात मावेल ते खायचं असतं. सवय लावता येते ती माणसाची. घोरपडी हुशार असतात, काठीच्या टोकाला लावलेला रंगीत चेंडू बघून जागेवर यायला त्या शिकतात. पण शिकलेली गोष्ट भुकेपुढं किंवा दचकण्यापुढं किती टिकेल, याचा भरवसा मी माझ्या दवाखान्यातल्या कुठल्याच जनावराचा देत नाही.

किती धोका आहे हे मात्र परिस्थितीवर आहे, ते मान्य करते. वाढ झालेला चार किलोचा बोका आणि साडेतीन फुटी सव्हाना यांच्यात उलट घोरपडच जास्त जखमी होण्याची शक्यता आहे. तिचे डोळे, बोटं, शेपटीचं मूळ या जागा मांजराच्या पंजाच्या उंचीवर येतात. मोठ्या सव्हानाचे मागचे दात बोथट असतात, आफ्रिकेत गोगलगायींची कवचं फोडायला ते कामी येतात; पण जबडा दणकट, आणि धरलं की सोडत नाही. म्हणजे मांजराचा पाय सापडला तर हाडाचं काम होऊ शकतं. पिल्लांचं गणित सरळ आहे. चार-पाच आठवड्यांचं मांजराचं पिल्लू हे तिच्या दृष्टीनं उंदरापेक्षा थोडं मोठं भक्ष्य आहे. त्यात स्वभाव वगैरे काही येत नाही.

मांजरानं मारलेला दात दिसतो त्यापेक्षा वाईट असतो. खानापूर रोडवरच्या एका घरातून इग्वाना आणला होता, शेपटीच्या मुळाशी सुईनं टोचल्यासारख्या दोन खुणा. ‘एवढंसंच आहे’ म्हणून घरच्यांनी हळद लावून ठेवली होती. चौथ्या दिवशी आणला तेव्हा तिथं लिंबाएवढी गाठ. मांजराच्या तोंडातले जंतू त्या बारीक छिद्रातून खोल जातात आणि वरची कातडी मिटून जाते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ होऊन वाहत नाही, खव्यासारखा घट्ट गोळा बनतो. नुसत्या औषधानं तो विरघळत नाही, चिरून काढावा लागतो. काढताना त्यासोबत शेपटीचा काही भाग गेला. म्हणून मांजराचा दात किंवा नख लागलं, रक्त दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखाना. आणि तोपर्यंत तिची ऊब कमी करू नका. थंड पडलेल्या घोरपडीचं अंग जंतूंशी लढू शकत नाही.

आता घराचं. पुढची खोली सोडून द्या, तिथं सगळ्यांची ये-जा असते. माळ्यावरची किंवा मागची एक खोली तिच्यासाठी ठेवता येत असेल तरच हे जनावर मांजरांच्या घरात ठेवावं, असं माझं मत आहे. काही लोकांना हे टोकाचं वाटतं. पण एवढ्या मोठ्या सव्हानाला तसंही आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच पेटी लागते, आणि तिच्यात खणायला दोन फूट माती. ते काही शोकेसवर मावणार नाही. प्लायवूडची करून घ्या, आतून ओल न लागेल असा थर द्या, वजन पेलेल अशी खालची बैठक करा. सरकत्या काचेला शोकेसला लावतात ते कुलूप हवंच, कारण फटीत नखं घालून काच सरकवणं या जनावराला सहज जमतं.

वरचं झाकण जाळीचं नको. बल्बखाली ती जिथं ऊन खाते तिथला दगड ५० ते ६० अंशांपर्यंत तापवावा लागतो, त्यामुळं जाळीच्या झाकणावर घरातल्या मांजरांना सगळ्यात आवडणारी जागा तयार होते. बोका रोज तिथं झोपायला लागतो, जाळी खाली वाकत जाते, आणि एक दिवस तो आत. पक्कं झाकण करा, बल्ब आतून बसवा आणि बल्बला तारेचा पिंजरा घाला. उष्णता आणि ओलही आत राहते, वीजबिलही जरा कमी येतं.

खोलीच्या दाराबाहेर वेल्डरकडून आणखी एक जाळीचं दार करून घ्या, अर्ध्या इंची वेल्डमेशचं. डासांची जाळी लावलेलं नको, ती दोघंही फाडतात. खालची फट पाऊण इंचाच्या आत. कडी वर लावा, दाबून उघडायची मूठ नको. मुठीवर उडी मारून दार उघडणारे बोके मी बघितलेत. नियम एकच ठेवा: दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहायची नाहीत. आणि पेटीचं कुलूप काढायच्या आधी दोन्ही मांजरं डोळ्यांनी बघायची. ‘असतील तिकडं कुठंतरी’ हे चालत नाही. अपघातांच्या गोष्टी ऐकताना हेच वाक्य माझ्या कानावर जास्त पडतं.

आपल्याकडच्या हवेचा इथं संबंध येतो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून-जुलैत दिवसदिवस ऊन नसतं, लाईट जाते, आणि घरातला इन्व्हर्टर पेटीतला हॅलोजन बल्ब ओढत नाही. डिसेंबरच्या पहाटे गारठा असतोच. मग घरातलं कुणीतरी कळवळून तिला गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघरात घेऊन येतं, आणि तिथं चुलीपाशी मांजरं असतात. भेट नेमकी अशी होते. दोन-चार तास लाईट गेली तर तिला काही होत नाही, दोन फूट माती तिला सांभाळून घेते. फक्त तेवढ्यात तिला खायला घालू नका, गार अंगात अन्न पचत नाही, उलटून टाकते. कोवळं ऊन दाखवायला परसात काढायची असेल तर आधी मांजरं आत कोंडा, आणि शेजारच्या बोक्याला तुमचे नियम माहीत नसतात हे लक्षात ठेवून तिच्याजवळून उठू नका.

खाण्याचं थोडक्यात. सव्हानाला उंदीर घालून वाढवतात, हे दोन कारणांनी चुकतं. एक तर ती चरबी धरते. आफ्रिकेत तिचं मुख्य खाणं किडे, विंचू, गोगलगायी असं असतं. दुसरं, केसाळ, उबदार, छोट्या प्राण्याचा वास म्हणजे जेवण हे तुम्हीच तिला शिकवता, आणि तुमच्या घरात आता पिल्लं होणार आहेत. झुरळं आणि क्रिकेट घरी पैदा करणं अवघड नाही. बागेतल्या गोगलगायी मात्र उचलून घालू नका, त्यांनी कुठलं औषध खाल्लंय ते कळत नाही. मांजराला कुरवाळून हात न धुता तिच्या पेटीत हात घालू नका. ती हाताला चावेल, तुमच्या नव्हे, मांजराच्या वासाला. तिला खोलीत फिरवायला सोडता तिथं मांजराच्या खाण्याची वाटी नको आणि मातीचा ट्रेही नको. ट्रेमधली विष्ठा ती खाते, सोबत गुठळ्या होणारी ती माती गिळते, आणि ती आतड्यात फुगून बसते.

उलट बाजूनं, घोरपड पाण्याच्या टबात घाण करते आणि तेच पाणी मांजर आवडीनं पितं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारे जंतू, असणं नेहमीचं आहे. तिची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर तिच्या खोलीचं काम त्यांच्याकडं अजिबात देऊ नका.

एक गोष्ट मला खास ठासून सांगायची आहे, कारण ती भांडणापेक्षा जास्त मांजरं मारते. घोरपडीच्या खवल्यांत बारीक काळे-लाल माइट्स, म्हणजे रक्त पिणारे किडे, होतात. लोक काय करतात, तर गोठ्यात जनावरांच्या गोचिडांवर मारायचं डेल्टामेथ्रिन नाहीतर कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध पेटीला फवारतात. आपल्याकडं ते घरोघरी असतंच. या कुळातली औषधं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. फवारलेल्या कपड्यावर झोपलेलं, नाहीतर औषध लागलेला हात चाटलेलं मांजर काही तासांत थरथरायला लागतं, लाळ गळते, मग झटके. ते दिसलं तर भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि तसंच्या तसं दवाखान्यात आणा. वाट बघू नका. लवकर आलेली मांजरं वाचतात. घोरपडीच्या माइट्सवर काय वापरायचं ते डॉक्टरला विचारा, आणि विचारताना घरात मांजर आहे हे न चुकता सांगा.

तरीही समोरासमोर गाठ पडलीच तर मध्ये हात घालू नका. जाड गोणपाट नाहीतर चादर दोघांवर टाका, वर पाणी ओता. घोरपडीनं धरलेलं मांजर ओढून काढू नका, ओढलं की मांस फाटतं. थंड पाण्याची धार तिच्या तोंडावर धरली की बहुतेक वेळा जबडा सुटतो. या गोंधळात माणसाला मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. घोरपडीपासून रेबीज होत नाही, मांजरापासून होतो. तुमच्या दोन्ही मांजरांना दरवर्षीची लस दिलेली असेलच असं धरते. नसेल तर बोक्याला लगेच द्या, भाटीचं व्याल्यावर बघू.

आता तुमच्या भाटीचं. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांत वितं, आणि दिवस भरत आले की उबदार, अंधारी, माणसांची वर्दळ नसलेली जागा शोधायला लागते. तुमच्या घरात तशी सगळ्यात छान जागा त्या पेटीच्या मागं आणि खाली आहे, बल्बची ऊब असलेली. ती तिथंच व्यायला बसणार, किंवा दुसरीकडं व्याली तरी पिल्लं तोंडात धरून तिथं आणणार, हे मी आजच सांगते. आणि पिल्लांची आई झालेली भाटी काचेपलीकडच्या घोरपडीकडं आत्तासारखी बघत बसणार नाही, काचेवर झेप घेणार. पिल्लं तीन आठवड्यांनी फिरायला लागतात, चार-पाच आठवड्यांत जिथं फट दिसेल तिथं घुसतात. ती आठ आठवड्यांची होऊन लोकांकडं देईपर्यंत घोरपड पेटीबाहेर काढूच नका. पिल्लं सुटल्यावर भाटीचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुन्हा हेच.

एवढं सगळं जमण्यासारखं नसेल, वेगळी खोलीच नसेल, तर घोरपड दुसऱ्याकडं द्यावी असं मी म्हणेन. मांजरं नाहीत अशा आणि नोंदणीचे सोपस्कार पूर्ण करणाऱ्या माणसाकडं. भावाला वाईट वाटेल. पण ते जनावर नीट सांभाळलं तर दहा-बारा वर्षं सहज जगतं, आणि तो तर बेंगळुरूत असतो. रोज पेटी कोण उघडणार, हे त्याला एकदा विचाराच.

मान, नाकपुडी आणि शेपटीसकट पूर्ण अंग असे तीन फोटो पाठवा, जात बघून सांगते. जाळीचं दार आणि नवी पेटी व्हायला दिवस लागतीलच. तोवर भाटीला स्वयंपाकघरामागं एक पुठ्ठ्याचं खोकं जुनं लुगडं घालून करून द्या, वरून अर्धं झाका, वाटीभर पाणी जवळ ठेवा. पुढच्या खोलीचं दार मात्र आज रात्रीपासूनच बंद ठेवा.